कावीळ आणि एसजीपीटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी साडेसहाला रिपोर्ट वाटायला सुरुवात झाली की लॅबच्या खिडकीशी एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, हे ठळक अक्षरात काय आलंय?" पावसाळ्यात बहुतेक वेळा तो एसजीपीटी असतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी पिंपं आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात, आणि जूननंतर पिवळ्या सीरमच्या (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवाच्या) नळ्या वाढू लागतात. इथे पॅथॉलॉजीचं काम करताना वर्षानुवर्षं कानावर पडलेले प्रश्न या पानावर एकत्र केले आहेत. उत्तरं खिडकीशी उभ्याउभ्या देण्याजोगी नाहीत, म्हणून लिहून काढली. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं, एवढं या पानावरून कळावं अशी इच्छा आहे.

एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणजे काय?

यकृताच्या पेशींत काम करणारी ही दोन एन्झाइम्स. पाठ्यपुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. नव्या रिपोर्टांत एसजीपीटीला एएलटी आणि एसजीओटीला एएसटी असं लिहिलेलं असतं, वस्तू तीच. पेशी धडधाकट असेल तर ही एन्झाइम्स आतच राहतात. रोज थोड्या जुन्या पेशी मरतात, म्हणून निरोगी माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात.

हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ती आणणारा विषाणू (ए, बी, सी, ई अशा प्रकारांचा) पेशीत शिरला की आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. यकृताचं बहुतेक नुकसान या लढाईत होतं. पेशीचं आवरण फाटतं आणि आतली एन्झाइम्स रक्तात येतात. आपल्याकडच्या माणसाला मी ज्वारीच्या पोत्याचं उदाहरण देते. पोतं फाटलं की ज्वारी सांडते. सांडलेली ज्वारी पाहून पोतं किती फाटतंय याचा अंदाज येतो. आत किती ज्वारी उरली आहे, हे मात्र त्या सांडलेल्या ढिगावरून कळत नाही. पुढची अर्धी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा.

हा आकडा मोजतात कसा? "युनिट" म्हणजे मिलिग्रॅमसारखं काही का?

नाही, हे वजन नाही. एन्झाइम किती वेगाने काम करतं, ते आपण मोजतो. सीरमच्या थेंबात अॅलनिन आणि अल्फा-किटोग्लुटारेट मिसळतात. एसजीपीटी त्यातून पायरुव्हेट बनवतं. त्या पायरुव्हेटचं लगेच लॅक्टेट होतं आणि ते होताना एनएडीएच नावाचा पदार्थ खर्ची पडतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून घेतो. तो संपत जाईल तसा प्रकाश जास्त आरपार जाऊ लागतो, आणि दर मिनिटाला पडणारा हा फरक मशिन टिपतं. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट.

यात एक खोच आहे. एसजीपीटी फारच जास्त असेल तर मशिन मोजायला सुरुवात करायच्या आतच सगळं एनएडीएच संपून जातं. मग फरक दिसत नाही आणि आकडा चक्क कमी येऊ शकतो. निरोगी सीरम फिक्या गवती चहासारखं दिसतं. समोरची नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी असताना पडद्यावर ४५ दिसले, तर मी तो रिपोर्ट सोडत नाही. नमुना सलाइनने दहापट पातळ करून पुन्हा लावायचा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. मशिनं हल्ली अशा वेळी स्वतःच इशारा देतात, तरीही नळीकडे एकदा डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आमच्या मुलाचा एसजीपीटी १८०० आलाय. यकृत किती टक्के खराब झालं?

या आकड्यातून टक्केवारी काढता येत नाही. बहुतेक लॅबमध्ये साधारण ४० पर्यंत नॉर्मल धरतात. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये याहून कडक मर्यादा सुचवली: पुरुषांसाठी २९ ते ३३, स्त्रियांसाठी १९ ते २५. विषाणूजन्य काविळीत मात्र आकडा नॉर्मलच्या दहापटीच्या वर जाणं नेहमीचं आहे. हजार, दोन हजार, कधी त्याहून जास्त.

१८०० वाला मुलगा तीन आठवड्यांत खडखडीत बरा होतो आणि ६०० वाला माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. शेजारच्याचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. "पाव्हण्याचा तर तीन हजार होता" ही माहिती तुमच्या मुलाला काहीच उपयोगाची नाही. त्याच रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य) किती आहे, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) केलंय का, आणि मुलगा कसा आहे, हे पाहा. तो जेवतोय का, नीट बोलतोय का, उलट्या थांबल्या का?

आजाराच्या कोणत्या टप्प्यावर एन्झाइम्स चढतात?

डोळे पिवळे व्हायच्या आधीच. दूषित पाणी पोटात गेल्यापासून हिपॅटायटिस ए साधारण १५ ते ५० दिवसांत उठतो, ई दोन ते दहा आठवड्यांत. म्हणून "काल काय खाल्लं?" या प्रश्नाला अर्थ नसतो. महिन्यापूर्वीच्या लग्नातलं पाणी, यात्रेतली पाणीपुरी, फुटलेली पाइपलाइन आठवावी लागते.

आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे. या दिवसांत पेशी धडाधड फुटत असतात आणि एसजीपीटी शिखराकडे जात असतो. मग लघवी चहासारखी गडद होते, त्यानंतर डोळे. गंमत अशी की डोळे पिवळे झाल्यावर ताप उतरतो, थोडी भूक लागते आणि पुष्कळदा एसजीपीटी उतरणीला लागलेला असतो, पण बिलिरुबिन अजून चढत असतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर तो बहुधा वळणावर असतो.

पुढे एसजीओटी लवकर उतरतो आणि एसजीपीटी मागून, कारण रक्तातून एसजीओटी निम्मा व्हायला साधारण १७ तास लागतात आणि एसजीपीटीला सुमारे ४७. साध्या तीव्र काविळीत काही आठवड्यांत दोन्ही जागेवर येतात.

एसजीपीटी उतरतोय, म्हणजे धोका टळला ना?

बहुतेक वेळा हो. पण हा "बहुतेक" फार महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पोतं शिवलं गेलं तरी ज्वारी सांडायची थांबते, आणि पोतं रिकामं झालं तरी थांबते. एसजीपीटी उतरण्यामागे या दोनपैकी कोणतं कारण आहे, हे एसजीपीटी सांगू शकत नाही. ते सांगतात बिलिरुबिन, आयएनआर आणि रुग्णाचं भान.

एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा एक तरुण मला विसरता येत नाही. चार-चार दिवसांच्या अंतराने तीन रिपोर्ट झाले. एसजीपीटी ३२००, मग ९००, मग २४०. त्याची बायको तिसरा कागद हातात घेऊन हसत होती. पण बिलिरुबिन ९ वरून १६ आणि मग २३ झालं होतं, आणि आयएनआर १.४ वरून २.८. मी विचारलं, "झोप कशी आहे?" ती म्हणाली, "दिवसभर झोपतेत, रात्री जागंच असतेत. काल आईला ओळखलं नाही." आधी जिथे दाखवलं होतं तिथे त्यांना "आकडे खाली आलेत, घरी न्या" असं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्यांना रिपोर्टसह पुण्याला जायला लावलं. तो बरेच दिवस आयसीयूत होता आणि घरी परत आला. आणखी दोन दिवस ते घरीच थांबले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

रक्त गोठवणारे घटक यकृतात बनतात. त्यांतला सातवा घटक काही तासांतच संपतो, म्हणून यकृताची ताकद गेली की आयएनआर लगेच वाढतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही यकृतच बनवतं, पण ते रक्तात सुमारे तीन आठवडे टिकतं, त्यामुळे ते इतक्या लवकर बोलत नाही. आयएनआर १.५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत भ्रम किंवा गुंगी, म्हणजे यकृत निकामी होऊ लागल्याची खूण. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिल्यावर आयएनआर सुधारला तर कारण बहुधा पित्ताच्या अडथळ्याचं असतं. नाही सुधारला तर चिंता वाढते.

घरी पाहण्याच्या गोष्टी सांगते: झोपेची वेळ उलटणे, असंबद्ध बोलणे, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, पोट फुगणे. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

एन्झाइम्स नॉर्मल झाली, लघवीही स्वच्छ आहे, तरी डोळे पिवळे का?

काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतं. ते लघवीतून जाऊ शकत नाही आणि अल्ब्युमिनच्याच गतीने हळूहळू कमी होतं. भूक चांगली आहे, आयएनआर नॉर्मल आहे, तर काळजी करू नका.

काविळीची माळ घातल्यावर आठ दिवसांत एसजीपीटी निम्म्यावर आला. मग माळेचा गुण नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. आकडा खरंच उतरलेला असतो. पण डोळे पिवळे दिसल्यावर आपण माळ आणायला जातो आणि त्याच सुमारास एसजीपीटी आपणहून उतरू लागलेला असतो. हिपॅटायटिस ए आणि ई असलेली बहुसंख्य माणसं कोणतंही औषध न घेता बरी होतात. वनस्पतीच्या ओल्या काड्यांना दोऱ्याच्या गाठी मारून माळ करतात. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. कावीळ उतरली नसती तरी ती लांबलीच असती.

माळेने इजा होत नाही, तिच्यात गेलेल्या दिवसांनी होते. मनगटावर डाग देणं आणि नाकात कसलातरी रस सोडणं मात्र थेट घातक आहे. अनोळखी काढ्यांनी यकृताला स्वतंत्र इजा होऊ शकते, आणि मग वाढलेला एसजीपीटी विषाणूचा की काढ्याचा हे आम्हालाही सांगता येत नाही. श्रद्धेने माळ घालायची तर घाला, पण आयएनआर चुकवू नका.

एसजीओटी आणि एसजीपीटी यांचं गुणोत्तर पाहतात, ते कशासाठी?

नेपल्समधल्या फर्नांडो डी रिटिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास विषाणूजन्य काविळीत ही एन्झाइम्स रक्तात वाढतात हे दाखवलं, आणि १९५७ मध्ये दोहोंचं गुणोत्तर मांडलं. ते आजही डी रिटिस गुणोत्तर म्हणूनच ओळखलं जातं.

साध्या तीव्र विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी, म्हणजे गुणोत्तर एकाच्या खाली. एसजीपीटी पेशीच्या द्रवात असतो आणि आवरण गळू लागताच बाहेर येतो. एसजीओटीचा मोठा भाग मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांत) दडलेला असतो आणि पेशी पुरती कोसळल्यावर सुटतो. म्हणून तीव्र आजारात एसजीओटी वरचढ होऊ लागला तर आम्ही सावध होतो. जुन्या हिपॅटायटिसमध्ये गुणोत्तर एकाच्या वर सरकलं तर यकृत निबर होत चाललंय का, म्हणजे सिरॉसिसकडे जातंय का, हे पाहावं लागतं. दारूच्या आजारात ते बऱ्याचदा दोनच्या वर असतं, पण आकडे तेव्हा सहसा ३०० च्या आतच राहतात.

एसजीओटी स्नायूंत, हृदयात आणि तांबड्या पेशींतही असतो. कालच जिममध्ये जोर मारले असतील, किंवा रक्त काढताना नमुना फुटून लालसर झाला असेल, तर एकटा एसजीओटी वाढलेला दिसू शकतो.

अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी, एलडीएच यांचं काय?

हीसुद्धा एन्झाइम्सच. पहिली दोन पित्तनलिकांशी जोडलेली. विषाणूजन्य काविळीत ती माफक वाढतात. फार वाढली आणि अंगाला खाज असेल तर पित्त तुंबल्याचा विचार करून सोनोग्राफी करतात. वाढत्या वयाच्या मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमुळे जास्त असतं, तर गरोदरपणाच्या शेवटी वारेमुळे. त्याला भिऊ नका. एलडीएच एसजीपीटीच्या तुलनेत फार मोठा असेल तर विषाणूऐवजी रक्तपुरवठा तुटल्याने यकृताला धक्का बसला का, याकडे लक्ष जातं.

आकड्यावरून कोणता विषाणू हे कळतं का?

नाही. ए आणि ई साठी आयजीएम (ताज्या लागणीची अँटिबॉडी), बी साठी एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) आणि अँटी-एचबीसी आयजीएम, सी साठी अँटिबॉडी आणि मग आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य), या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. पॅरासिटामॉलचा अतिरेक, क्षयाची औषधं आणि डेंग्यू यांनीही एन्झाइम्स चढतात. डेंग्यूत सहसा एसजीओटी पुढे असतो. घरात कुणी क्षयाच्या गोळ्या घेत असेल आणि त्याला मळमळ सुरू झाली, तर त्याच दिवशी एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) करा आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

बरं वाटत असताना आकडे पुन्हा चढले. कशाने?

हिपॅटायटिस ए काही जणांत काही आठवड्यांनी उलटतो. एसजीपीटी पुन्हा वर जातो, कधी कावीळही परत दिसते, आणि तोही शेवटी बरा होतो. पण बी असलेल्या माणसात अशी उसळी आली तर तिच्याकडे गंभीरपणे पाहायचं, विशेषतः त्याने गोळ्या स्वतःच बंद केल्या असतील तर. बी ची औषधं मनाने थांबवणं जीवावर बेतू शकतं.

रक्तदान शिबिरात हिपॅटायटिस बी निघालं, पण एसजीपीटी २८ आहे. मग औषधाची गरज नाही ना?

२८ या आकड्यावरून तसं ठरवता येत नाही. बी चा विषाणू वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याकडे काणाडोळा करत असेल तर पेशी फुटत नाहीत, म्हणजे एन्झाइम्स नॉर्मल राहतात. लहानपणी आईकडून लागण झालेल्यांत असं पुष्कळदा दिसतं. जन्मताच लागण झाली तर सुमारे ९० टक्के मुलांत ती कायमची बसते. मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहूनही कमी लोकांत. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही असेल तर तो जुना आजार.

अशा माणसाला एचबीव्ही डीएनए (रक्तात बी चा विषाणू किती आहे ते), एचबीईएजी (तो जोमाने वाढतोय का ते), प्लेटलेट, सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी) लागतं. एसजीपीटी दर काही महिन्यांनी पाहायचा, कारण एका दिवसाचा नॉर्मल आकडा म्हणजे चित्रपटातलं एकच चित्र. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून एफआयबी-४ नावाचा अंक काढता येतो आणि त्यातून निबरपणाचा अंदाज येतो. सिरॉसिस झालेल्या यकृतातही एसजीपीटी नॉर्मल असू शकतो. तिथेही पोतं बरंचसं रिकामं झालेलं असतं.

घरच्या सगळ्यांची तपासणी करा आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस मिळालीच पाहिजे. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने बी पसरत नाही. सुनेचं ताट वेगळं केलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

हिपॅटायटिस सी मध्ये एन्झाइम्स कशी वागतात?

खाली-वर होत राहतात. आज ९०, दोन महिन्यांनी ३५, पुन्हा ११०. नॉर्मल आलेल्या दिवशी माणूस उपचार सोडतो. सी वर आता गोळ्या आहेत. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर बहुतेकांना १२ आठवडे द्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. बरे झालो हे एसजीपीटीवरून ठरत नाही. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, तरच. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. सिव्हिलमध्ये चौकशी करा.

गरोदर सुनेला कावीळ झालीय. एसजीपीटी फक्त ४०० आहे. घरी थांबलो तर चालेल?

नाही. ४०० ला "फक्त" म्हणू नका. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत फार वेगाने यकृत निकामी करू शकतो आणि अशा मातांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचं पाणी दूषित होऊन सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तेव्हाही गरोदर स्त्रियांना सर्वांत जास्त झळ बसली. तो आजार ई होता हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून पुढे कळलं. पावसाळ्यात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी आयएनआर करा आणि प्रसूतीची व आयसीयूची सोय जिथे एकत्र आहे तिथे दाखल करा.

उपाशीपोटी यायचं का? रोज तपासायचं का?

एन्झाइम्ससाठी उपाशी राहायची गरज नाही. रुग्ण स्थिर असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. आयएनआर वाढलेला असेल तर डॉक्टर रोजसुद्धा सांगतील. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे आकड्यांची तुलना खरी होते.

पथ्य काय? उसाचा रस द्यायचा ना?

हळद बंद केल्याने डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही. भाकरी, वरण, भात, ताक, जे पचेल ते द्या. उपाशी ठेवू नका. दारू पूर्ण बंद, आणि तापाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. उसाचा रस घरी स्वच्छ काढला तर ठीक, पण गाड्यावरच्या रसात बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कुणाला माहीत नसतं, आणि ए व ई त्याच वाटेने येतात. घरातलं साठवलेलं पाणी उकळून प्या.

जुने रिपोर्ट ठेवायचे का?

सगळे, तारखेच्या क्रमाने. छपाई फिकी पडते, म्हणून मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तारीख, एसजीपीटी, बिलिरुबिन आणि आयएनआर अशा चार रकान्यांत आकडे लिहून न्या. त्या तरुणाच्या बायकोने तसा कागद मला पुढच्या महिन्यात आणून दाखवला होता, वहीच्या पानावर पट्टीने ओळी मारून. शेवटच्या ओळीत आयएनआर १.१ होता.